तीन पत्ती : उगम, नियम आणि नाल



आजचा विषय पत्त्यांचा आहे हे कळल्यावर चिंचोटीतल्या दोघा-तिघांनी आम्हाला वाटेतच विचारलं, की तुम्ही खेळ शिकवायला आलात की सोडवायला? दोन्ही नाही. आम्ही इतिहास सांगायला आलो आहोत. पण इतिहास नीट सांगितला तर खेळ कसा चालतो हे कळतं, आणि खेळ कसा चालतो हे कळलं की पैसा कुठे जातो हेही कळतं. आजच्या व्याख्यानाचा सगळा रोख त्या शेवटच्या गोष्टीवर आहे.

तीन पत्ती हा खेळ इथे कुणाला नवा नाही. गौरी-गणपतीच्या जागरणात, गोकुळाष्टमीच्या रात्री, लग्नघरी हळद लागल्यानंतर, सतरंजी पसरली की एका कोपऱ्यात मुलांचा झब्बू, दुसऱ्या कोपऱ्यात मेंढीकोट आणि दिवा जरा मंद असेल त्या बाजूला तीन पत्ती, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हाच खेळ आज पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर हिरव्या मेजावर मांडलेला असतो. आणि हाच खेळ गेली काही वर्षं मोबाइलवर होता. सतरंजी, बोट आणि मोबाइल. तिन्ही ठिकाणी पानं तीनच. मग फरक काय? त्या फरकासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे जुगार पत्त्यांच्या कितीतरी आधीचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त हे अक्षसूक्त, म्हणजे हरलेल्या जुगाऱ्याचं मनोगत. त्यात फासे आहेत ते बेहड्याच्या फळांचे. घर गेलं, बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, आणि तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात, असं तो माणूस सांगतो. तीन हजार वर्षं झाली असतील, पण सूक्तातला माणूस ओळखीचा वाटतो. पुढे महाभारतात द्यूत आहे, नल-दमयंतीच्या कथेत आहे. वेरुळला रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. दिवाळीतल्या पाडव्याला पंचांगात द्यूतप्रतिपदा म्हणतात, ते उगाच नाही. म्हणजे देवांनी खेळलेला, वेदांनी नाव ठेवलेला आणि सणाने एक दिवस मोकळीक दिलेला असा हा प्रकार आहे. आपल्या समाजाने जुगाराला कधी पूर्ण हाकललं नाही आणि कधी पाटावरही बसवलं नाही.

या सगळ्यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कौटिल्य. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या ठिकाणी खेळवायचा, इतरत्र खेळणाऱ्याला 12 पण दंड. फासे अध्यक्षाने पुरवायचे, त्याचं भाडं घ्यायचं. आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा 5 अध्यक्षाने काढून घ्यायचे. हा आकडा लक्षात ठेवा, शेकडा 5. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

आता पत्त्यांकडे येऊ. पत्ते भारतात दोन वाटांनी आले. पहिली वाट खुष्कीची, इराण-तुर्कस्तानकडची. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळात अबुल फझलने आईन-ए-अकबरीत गंजिफाचं सविस्तर वर्णन केलं, बारा रंग आणि प्रत्येकी बारा पानं, म्हणजे 144 पानांचा जोड. पुढे आठ रंगांचा, 96 पानांचा जोड जास्त चालला. आपल्या लोकांनी मग त्याला आपलं केलं. रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले, दहा गुणिले बारा, 120 पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. गोल पानं, लाखेचं काम, प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतरायचं, रात्री बसलं तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. सावंतवाडीला ही कला अजून जिवंत आहे. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. पण गंजिफा हा हात जिंकण्याचा खेळ आहे, कुणाची कोणती पानं उतरली हे डोक्यात ठेवण्याचा. 120 पानं लक्षात ठेवायची म्हणजे बुद्धीला कसरत. झटपट पैसे लावण्यासाठी तो सोयीचा नाही.

दुसरी वाट समुद्राची, आणि ती आपल्या अंगणातून जाते. युरोपात पत्ते दिसतात ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते तिथे पोचले इजिप्तच्या मामलुक राज्यातून, असं अभ्यासक मानतात. मामलुक पत्त्यांचा एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. त्यात रंग होते चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. दक्षिण युरोपात पोलो कुणी खेळत नव्हतं, तर त्या काठ्यांचे सोटे झाले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश पत्त्यांत हेच चार रंग राहिले. पंधराव्या शतकात फ्रेंचांनी छापायला सोपी अशी साधी चिन्हं काढली, दोन लाल, दोन काळी. आज आपण वापरतो ती हीच.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत, दोनशेच्या वर वर्षं, ही खाडी, ही मिठागरं, हा किनारा त्यांच्या अमलाखाली होता. याच पोर्तुगीजांची गलबतं सोळाव्या शतकात जपानपर्यंत गेली आणि तिथे पत्ते ठेवून आली. जपानीत पत्त्याला आजही ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’ हाच शब्द. खलाशी जिथे जातो तिथे त्याच्या पेटीत दोन गोष्टी असतात, देवाची माळ आणि पत्त्यांचा जोड. मग पोर्तुगीज गेले, पेशवाई आली, 1802 च्या शेवटच्या दिवशी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, आणि 1818 नंतर इंग्रजांचं राज्य पक्कं झालं. त्यांच्याबरोबर फ्रेंच चिन्हांचे 52 पानांचे इंग्रजी पत्ते सगळीकडे पसरले.

आपली रंगांची नावं ऐका. बदाम आणि चौकट ही आकारावरून पडली, ती आपली. किलवर? डच भाषेत त्या रंगाला ‘क्लावर’ म्हणतात, म्हणजे तिपानी गवत, आणि डचांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला होती. इस्पिक म्हटलं की फ्रेंच ‘पीक’ कानात येतं आणि पोर्तुगीज ‘एस्पादा’, म्हणजे तलवार, तेही येतं. इंग्रजांचंही असंच आहे. चित्र तिपानी गवताचं काढतात आणि नाव घेतात सोट्याचं, कारण चित्र फ्रेंचांकडून घेतलं आणि नाव आधीच्या स्पॅनिश पत्त्यांचं राहिलं. एका जोडात सगळ्यांची उसनवारी आहे.

आता तीन पत्ती. हा खेळ इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ या खेळाचा वंशज आहे. ब्रॅग म्हणजे बढाई मारणे. एडमंड हॉयल या खेळनियमांच्या प्रसिद्ध लेखकाने 1751 साली ब्रॅगवर एक छोटी पुस्तिका काढली. त्याच्याही मागे गेलं तर सोळाव्या शतकातला प्रिमेरो हा खेळ येतो. ब्रॅगचं तत्त्व एकच. हातात काय आहे यापेक्षा समोरच्याला काय वाटतं यावर पैसा जिंकायचा. आपल्याकडे या खेळाला बराच काळ ‘फ्लश’ म्हणत, कुठे ‘तीन पानी’ म्हणत. शब्द बघा ना, बूट, ब्लाइंड, पॅक, शो, कलर, सगळे इंग्रजी. मधेच एक ‘चाल’ आपली.

नियम थोडक्यात सांगतो, कारण ज्यांना येत नाही त्यांनाही पुढचं समजलं पाहिजे.

तीन ते सहा-सात माणसं बसतात. खेळण्याआधी प्रत्येकजण ठरलेली रक्कम मध्ये टाकतो, ते बूट. पत्ते पिसायचे, शेजाऱ्याला कापायला द्यायचे, आणि प्रत्येकाला तीन-तीन पानं उपडी वाटायची. मग पाळीपाळीने चाल. ज्याने आपली पानं पाहिली नाहीत तो ब्लाइंड, ज्याने पाहिली तो सीन. ब्लाइंडवाल्याने चालू रकमेइतके किंवा दुप्पट टाकायचे. सीनवाल्याने चालू रकमेच्या दुप्पट किंवा चौपट टाकायचे. म्हणजे डोळे उघडण्याची किंमत दुप्पट. पानं वाईट असतील तर पॅक करून बाहेर पडायचं, टाकलेले पैसे गेले. दोघेच उरले की एकाने पैसे भरून शो मागायचा, पानं उघडायची, ज्याची पानं वरचढ त्याने सगळा गल्ला न्यायचा. मधे साइड शो असतो. सीनवाला आपल्या आधी चाल केलेल्या सीनवाल्याला गुपचूप पानं ताडून बघू म्हणून विचारतो, हरणाऱ्याने पॅक करायचं. आणि सगळे पॅक झाले तर उरलेला एकटा, पानं न दाखवता, जिंकतो. बढाईला जागा तिथे आहे.

जुन्या ब्रॅगमध्ये एक नियम होता, पानं पाहिलेल्याला आंधळ्याकडून शो मागता येत नाही. तो नियम आपल्याकडच्या अनेक बैठकांत जसाच्या तसा पाळतात. कुणी शिकवला हे माहीत नसतं, पण पाळतात. इतिहास कधी कधी ताम्रपटात नसतो, सतरंजीवर असतो तो असा.

आता पानांचा क्रम. सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे एकसारखी तीन पानं, तीन एक्के सर्वांत मोठे. मग प्युअर सिक्वेन्स, एकाच रंगाची ओळीने तीन. मग साधी सिक्वेन्स, ओळीने तीन पण रंग वेगवेगळे. मग कलर, एकाच रंगाची कुठलीही तीन. मग जोडी. आणि काहीच नसेल तर मोठं पान. सिक्वेन्समध्ये एक्का-राजा-राणी सर्वांत मोठी, आणि बहुतेक ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्री तिच्या खालोखाल. जुन्या ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री पहिली होती, आणि ट्रेलमध्ये तीन तिर्र्या सर्वांत मोठ्या होत्या.

इथे थोडा हिशेब करू. 52 पानांतून तीन पानांचे वेगवेगळे हात होतात 22,100. त्यात ट्रेल 52. प्युअर सिक्वेन्स 48. साध्या सिक्वेन्स 720. कलर 1,096. जोड्या 3,744. आणि उरलेले 16,440 हात नुसते, ज्यात काहीच नाही. म्हणजे दर चार हातांत साधारण तीन वेळा तुमच्याकडे काहीही नसतं. जोडी सहा हातांत एकदा, कलर वीस हातांत एकदा. ज्या माणसाला ‘आज पानंच येत नाहीयेत’ असं वाटतं, त्याला खरं तर नेहमीसारखीच पानं येत असतात.

आणि अजून एक गंमत. प्युअर सिक्वेन्स 48 आणि ट्रेल 52. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ. मग न्यायाने ती वर हवी. पण आपल्याकडे ट्रेल वर. कारण क्रम परंपरेने आला, हिशेबाने नाही. 1994 साली डेरेक वेब या इंग्रज माणसाने याच तीन पानांवरून ‘थ्री कार्ड पोकर’ नावाचा कॅसिनोचा खेळ बांधला. त्याने पहिलं काम काय केलं असेल तर क्रम दुरुस्त केला. त्या खेळात प्युअर सिक्वेन्स वर आणि ट्रेल खाली. कॅसिनोला परंपरा चालत नाही, त्याला गणित चालतं.

हा खेळ कॅसिनोत कसा चालतो बघा. तिथे तुम्ही शेजाऱ्याशी खेळत नाही, मेजाच्या पलीकडे उभ्या असलेल्या डीलरशी खेळता. आधी एक रक्कम लावायची. तीन पानं बघायची. पटली तर तेवढीच रक्कम आणखी लावायची, नाहीतर पहिली सोडून द्यायची. डीलरकडे निदान राणी किंवा त्याहून वरचं काही नसेल तर त्याचा हात धरत नाहीत. तुम्हाला पहिल्या रकमेचा फायदा मिळतो, दुसरी रक्कम जशीच्या तशी परत. दहा डावांत साधारण तीन वेळा असं होतं, आणि माणूस खूश होतो. पण नेहमीच्या दराने, चुका न करता खेळलं तरी, पहिल्या 100 रुपयांमागे सरासरी 3 रुपये 37 पैसे मेजाच्या पलीकडे जातात. बढाईला तिथे जागाच नाही. डीलरसमोर कितीही गंभीर चेहरा करा, तो घाबरत नाही. त्याला नियमाने उघडायचंच असतं. ब्रॅगमधला ब्रॅगच काढून टाकला आहे.

म्हणजे सतरंजीवरच्या खेळात आणि कॅसिनोच्या खेळात पहिला फरक कळला. आता दुसरा, आणि मोठा.

पाच मित्र बसले, प्रत्येकाकडे 1,000 रुपये, मिळून 5,000. रात्रभर खेळले. सकाळी कुणाकडे 3,000, कुणाकडे शून्य. पण बेरीज किती? 5,000. पैसा खोलीबाहेर गेला नाही. आता समजा त्याच पाच जणांना कुणी जागा दिली, पत्ते दिले, चहा दिला आणि दर डावाच्या गल्ल्यातून शेकडा 5 घेतले. गल्ला 500 चा असेल तर 25 रुपये. 25 रुपये कुणाला जाणवत नाहीत, जिंकणारा तर आनंदात सोडतो. शंभर डाव झाले की 2,500 गेले. दोनशे डावांत 5,000, म्हणजे सगळेच. तेव्हा कोण चांगला खेळला, कोण वाईट खेळला, याला अर्थ उरत नाही. पाचही जण हरलेले असतात आणि एकही डाव न खेळलेला सहावा जिंकलेला असतो. आपल्याकडे या कापून घेतलेल्या पैशाला ‘नाल’ म्हणतात. अड्डा चालवणारा नाल काढतो. कौटिल्याचे शेकडा 5 आठवले? ती नालच. फक्त ती राजाच्या खजिन्यात जात होती.

नालेचं हे महत्त्व इंग्रजांच्या कायद्यालाही कळलं होतं. 1867 साली जुगाराचा कायदा झाला, आणि 1887 साली मुंबई इलाख्याचा स्वतःचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. तोच आज महाराष्ट्राचा कायदा आहे. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, ‘कलम 12 (अ) अन्वये गुन्हा’, ते याच कायद्याचं. सार्वजनिक जागी जुगार खेळणं हा गुन्हा आहेच, पण त्याचा मुख्य मार आहे जुगाराच्या अड्ड्यावर. आणि अड्डा कशाला म्हणायचं हे ठरवताना कायद्याने विचारलं, जागेचा किंवा साहित्याचा मालक यातून नफा काढतो का? म्हणजे नाल काढतो का?

स्वातंत्र्यानंतर जुगार हा विषय घटनेने राज्यांकडे दिला. 1957 साली मुंबई राज्याच्याच एका कायद्यावरून, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. मग प्रश्न उरला, जुगार कशाला म्हणायचं? सिकंदराबादच्या एका क्लबवर रमीवरून खटला झाला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी आणि तीन पत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिले. 1968 चा सत्यनारायण खटला म्हणून तो ओळखला जातो. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. आणि फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ? तो निव्वळ नशिबाचा. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी लोक विसरतात. रमीसुद्धा, मालक त्यातून नफा काढत असेल तर, गुन्ह्यात येऊ शकते, असं न्यायालयाने म्हटलं. परत नालच.

1960 च्या दशकात मुंबईत मटका फोफावला. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडा लागायचा, ते बंद झाल्यावर आकडा घरचा झाला, आणि पुढे तो पत्त्यांच्या कॅटमधून तीन पानं काढून, त्यांच्या बेरजेच्या शेवटच्या अंकाने ठरू लागला. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य चालणाऱ्या माणसांनी तीन पानांवर पगार लावले. ज्यांचे आजे-पणजे इथून मुंबईला गिरणीत होते त्यांना जास्त सांगायला नको.

1976 हे वर्ष मजेचं आहे. त्या एका वर्षात महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, म्हणजे एका अर्थी कॅसिनोला दार उघडणारा, आणि गोवा, दमण आणि दीवने जुगाराला मनाई करणारा कायदा केला. पुढे झालं उलटंच. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आणला गेला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला आणि 2023 साली रद्द झाला. गोव्याने मात्र आपल्या मनाईच्या कायद्यात 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली, आणि 1996 साली पाण्यावरच्या बोटींत पत्त्यांच्या मेजांना. म्हणून बोटी. आणि 2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. सरकारला महसूल हवा, पण आपल्या माणसाचा पैसा त्यात जायला नको. मग तो कुणाचा जायला हवा? आपल्या या महामार्गावरून सुट्टीत गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या बघितल्या की उत्तर मिळतं.

आणि मग मोबाइल आला. आता आम्ही इतिहासातून आजच्या दिवसात येतो आहोत.

इथून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गाळे आहेत. तिथे काम करणारा एक तरुण आमच्याशी बोलत होता. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तो मोबाइलवर तीन पत्ती खेळायचा. पहिल्यांदा जिंकला, मग हरत गेला, मग उसने घेतले. त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला. म्हणाला, “सर, टेबलावर माझ्याशिवाय चार जण असायचे. ती माणसं होती तरी का?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. सतरंजीवर तुम्हाला समोरच्याचं नाव माहीत असतं, त्याच्या घरची परिस्थिती माहीत असते. तो फार हरला तर कुणीतरी म्हणतं, बस झालं रे, घरी जा. पिसलेले पत्ते शेजाऱ्याला कापायला देण्याची जी रीत आहे ती काही शोभेची नाही, तो लबाडीवरचा पहारा आहे. मोबाइलवर पत्ते कोण पिसतो? कापायला कुणाला देतो? आणि सतरंजी पहाटे गुंडाळली जाते. मोबाइल गुंडाळला जात नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्यात मनाई आहे, आणि तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद तिथे विचारातच घेतलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. म्हणजे कायद्याने पुन्हा तोच माणूस पकडला, जो खेळत नाही पण नाल काढतो.

आता कुणी म्हणेल, मग सतरंजीवरचा खेळ चांगला असं तुमचं म्हणणं आहे का? तसं नाही. अक्षसूक्तातला माणूस कॅसिनोत हरला नव्हता, गावातल्याच मंडळींत हरला होता. धर्मराजाच्या सभेत तर सगळे नातेवाईकच होते. आणि शकुनीने एकही पैसा नाल काढला नाही, तरी घर बुडालंच. पैसा खोलीबाहेर गेला नाही तरी तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि ज्या घरातून जातो तिथल्या बाईला तो खोलीत राहिला याचं काही समाधान नसतं. एवढंच म्हणतो, की सतरंजीवर थांबायला माणसं असतात. ती माणसं गप्प बसली, जशी त्या सभेत बसली, तर सतरंजीही वाचवत नाही.

आम्हाला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. घरात कुणी खेळत असेल, जागरणात किंवा मोबाइलवर, तर त्याला पहिल्यांदा ‘किती हरलास’ असं विचारू नका. तो खोटं बोलेल, अक्षसूक्तापासून बोलत आला आहे. त्याला विचारा, तुमच्या खेळात नाल कोण काढतं? आणि त्याच्याबरोबर बसून, कागद घेऊन, मघाचा दोनशे डावांचा हिशेब मांडा. पाच माणसं, हजार-हजार रुपये, दर डावाला 25. शाळेतल्या पाचवीच्या मुलाला येईल इतका सोपा आहे तो.

प्रश्न असतील तर विचारा. आणि शेवटी मुलांनी आणलेला पत्त्यांचा कॅट आम्ही मेजावर ठेवला आहे. घरी जाताना ज्यांना मेंढीकोट येतो त्यांनी नव्या पोरांना तो शिकवा. त्यात डोकं लागतं, भिडू लागतो, आणि पैसे लागत नाहीत.